नेल्सनचा 'चेलेंक' : पदक कीं पोशाख ?

इंग्रज आरमाराचा सेनानी होरेशिओ नेल्सन यानें ता. १ ऑगस्ट १७९८ रोजीं अबुकीरच्या उपसागरांत फ्रेंच आरमाराचा विध्वंस केला. त्याबद्दल तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सेलीम यानें त्यास हिऱ्यांचें एक शिरोभूषण पाठविलें. तुर्की भाषेंत त्यास 'चेलेंक' म्हणतात. नेल्सनला मिळालेल्या परकीय पदकांच्या यादींत हा चेलेंकही सामान्यतः जमा धरला जातो. हें वर्गीकरण आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. वाद केवळ नांवाचा नाहीं. आपल्या दप्तरांतील शिरपेच, तुरा, वस्त्रें यांच्या नोंदींचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

चेलेंक एकटा आला नव्हता. त्याबरोबर मौल्यवान सेबल फरचें अस्तर लाविलेला झगा होता, व जखमी खलाशांस वांटण्याकरितां २,००० सेक्विन म्हणजे सोन्याचीं नाणीं होतीं. मस्तकावर भूषण, अंगावर वस्त्र आणि हाताखालच्या लोकांस बक्षीस, ही तिकडी ज्यानें पेशवाईंतील बहुमानाच्या याद्या चाळल्या आहेत त्यास अपरिचित वाटणार नाहीं. ही खिलतच होय.

यावर असा आक्षेप येईल कीं, रणांगणावरील पराक्रमाबद्दल चेलेंक देण्याची तुर्की चाल होती. सबब तें लष्करी पदकच मानिलें पाहिजे. चाल होती हें खरें. परंतु पराक्रमाबद्दल सोन्याचीं कडीं आपल्याकडेही दिलीं जात. प्रसंगावरून वस्तूची जात बदलत नाहीं. युरोपीय पद्धतीच्या पदकामागें एक संघ असतो, त्याचे नियम व दर्जे असतात. चेलेंकामागें तसें कांहीं नव्हतें. याचा सबळ पुरावा सुलतानाच्याच कृतींत आहे. १७९९ मध्यें त्यानें परकीयांकरितां 'हिलाल' म्हणजे चंद्रकोरीचें पदक नव्यानें निर्माण केलें, व तें प्रथम नेल्सनलाच दिलें. चेलेंक हेंच पदक असतें, तर दुसऱ्याची गरज कां पडावी ?

चेलेंकावर हिऱ्यांचे १३ किरण होते, व ते हस्तगत आणि नष्ट झालेल्या फ्रेंच जहाजांचे द्योतक होते. फ्रेंचांच्या रांगेंतील १३ मोठ्या लढाऊ जहाजांपैकीं ११ पाडाव झालीं अथवा नष्ट झालीं, २ निसटलीं. म्हणून हा आकडा फुगविलेला आहे असें कोणी म्हणेल. तें बरोबर नाहीं. त्याच लढाईंत २ फ्रिगेट जहाजेंही नष्ट झालीं. तीं धरतां बेरीज नेमकी १३ भरते.

या विजयाची वार्ता नेल्सननें लेफ्टनंट डुव्हल याजबरोबर बसऱ्याच्या मार्गें मुंबईस गव्हर्नर डंकन याजकडे धाडिली होती. फ्रेंचांच्या स्वारीचें हिंदुस्थानावरील सावट दूर झाल्याबद्दल कंपनीनें त्यास १०,००० पौंड दिले. त्याच्या राजानें सरदारकी दिली. एकाच विजयाबद्दल व्यापाऱ्यानें रोख रक्कम, राजानें पदवी व सुलतानानें पोशाख द्यावा, यांत प्रत्येक दरबाराची रीत दिसते.

येथें साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपल्याकडे खिलत घेणें म्हणजे देणाऱ्याचें श्रेष्ठत्व मान्य करणें होय. १७९२ मध्यें महादजी शिंद्यांनीं पुण्यास फर्मानबाडीचा समारंभ केला, तेव्हां बादशाही किताब स्वीकारण्यास नाना फडणिसांनीं हरकत घेतली, व साताऱ्याच्या छत्रपतींची अनुज्ञा घ्यावी लागली, ती याचसाठीं. सिसिलीच्या राजानें दिलेली ब्राँटीची पदवी वापरण्यास नेल्सनलाही स्वतःच्या राजाची परवानगी लागली. ती १८०१ मध्यें मिळाली. परकीय राज्याची पदवी घेण्यास भारतीय घटनेचा अनुच्छेद १८ नागरिकांस मनाई करितो, त्यामागेंही हाच विचार आहे. मात्र चेलेंक घेतल्यानें नेल्सन सुलतानाचा चाकर झाला नाहीं. त्यानें तो पागोट्याऐवजीं आपल्या टोपीवर लाविला व कुलचिन्हांत घातला. दरबार ओलांडतांच खिलतीचें पदक झालें. म्हणून यादी करणारांची चूक स्वाभाविक आहे, पण ती चूकच होय.

१९५१ मध्यें ग्रिनिच येथील संग्रहालयांतून चेलेंक चोरीस गेला व पुन्हां हातीं लागला नाहीं. आतां चित्रें, वर्णनें व कागद एवढाच आधार उरला आहे. तेव्हां कोणत्याही बहुमानाची नोंद वाचतांना देणारा कोण, घेणारा कोणाचा चाकर, आणि अनुज्ञा कोणाची, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. वस्तूचें नांव मागाहून ठरवावें.

अंबरनाथ पूर्व