‘पालक’ या संज्ञेचे तीन अर्थ

विधिभाषेतील संज्ञेची परीक्षा करावयाची झाल्यास प्रारंभ लोकव्यवहारापासून करणे इष्ट होय. कोलशेत हे ठाण्याच्या खाडीकाठचे, मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. अशा गावात आईबाप निवर्तल्यावर मुले आजीकडे वा मामाकडे वाढतात. जो पाळतो तो पालक, हा अर्थ तेथे कोणास शिकवावा लागत नाही. कागदोपत्री मात्र हा शब्द तीन अर्थांनी वावरतो.

पहिला अर्थ १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा. अज्ञान व्यक्तीची वा तिच्या मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे आहे तो पालक, ही व्याख्या धात्वर्थाला धरून आहे. नेमणुकीसाठी अर्ज करण्याची मुभा हा अधिनियम नातलगाला, किंबहुना मित्रालाही देतो. दुसरा अर्थ २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचा. येथे नैसर्गिक पालक वगळता इतरांस प्रत्यक्ष सांभाळ पुरत नाही. बालकल्याण समितीची वा मंडळाची मान्यता लागते. शिवाय दत्तकापुरती ‘नातेवाईक’ या पदाची जी गणना त्यात आहे, तीत काका, आत्या, मामा, मावशी व दोन्हीकडील आजीआजोबा येतात; सख्खा थोरला भाऊ येत नाही. तिसरा अर्थ शासनव्यवहाराचा. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनामुळे ‘दोन्ही पालक’ गमावलेल्या बालकांसाठी ५ लाख रुपयांची मुदत ठेव योजिली. तेथे पालक म्हणजे केवळ आईबाप. सांभाळणारी आजी जवळ असूनही बालक पालकहीन ठरते, ते यामुळेच.

हा अर्थभेद केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ स्त्रीला व बालकाला उत्पन्नाची अट न घालता मोफत विधिसाहाय्य देऊ करते. म्हणजे आजी, आत्या, मावशी यांचा हक्क सिद्धच आहे. मामाला वा काकाला मात्र उत्पन्नमर्यादा, अनुसूचित जातिजमाती अशा अन्य एखाद्या वर्गात बसावे लागते. परंतु जी स्वतःस पालकच समजते, ती पालकत्व मागण्यास ठाण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे जाईल कशाला? बँकेत वा न्यायालयात आदेशाची पृच्छा होते, तेव्हाच तिला हा भेद कळतो.

विधिभाषेला काटेकोरपणाच हवा, सुबोधता दुय्यम, असा आक्षेप संभवतो. पण एकाच शब्दाचे तीन अर्थ हा काटेकोरपणा नव्हे. आईबापांस ‘मातापिता’, सांभाळणाऱ्यास ‘सांभाळकर्ता’ आणि आदेशप्राप्तास ‘न्यायालयनियुक्त पालक’ म्हटल्यास आपल्याजवळ काय आहे व काय मागावयाचे आहे, हे आजीला अर्जाच्या पहिल्याच ओळीत उमगेल. विधिसाहाय्याचा आरंभ वकिलापाशी नव्हे, शब्दापाशी होतो.