सामान्यरूपाची कसोटी : ईमेल-यंत्रणेच्या निवडीविषयी

सॉफ्टवेअर कंपनीने ग्राहकांस स्वयंचलित ईमेल पाठविणारी यंत्रणा निवडावयाची म्हटले, की दर, पत्रसंख्या आणि आलेखांची शोभा यांचीच तुलना प्रथम मांडली जाते. पत्र ज्या भाषेत वाचले जावयाचे, तिचे व्याकरण या तुलनेत कोठेच नसते. मराठीपुरते पाहिले तर हीच उणीव सर्वांत महाग पडते.

या सर्व यंत्रणांचा पाया म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेला मसुदा. यादीतील नाव वा गाव त्या जागी आपोआप बसते. इंग्रजीत नाम अशा ठिकाणी रूप बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागताच ते सामान्यरूप घेते. मसुद्यात ‘ला’ पक्का करून ठेवला, तर नागपूरचे निभावते; परंतु ‘पुणेला’, ‘वर्धाला’ अशी रूपे उमटतात. सिंदी (रेल्वे) या गावापाशी तर प्रत्यय कंसाबाहेर लोंबकळत राहतो. कंस गाळावा, तर वर्ध्यालगतच्या सिंदी (मेघे)शी घोटाळा! ‘आपल्या गटात अमुक सामील झाले’ ही नित्याची सूचना स्त्रीच्या नावापुढे तत्क्षणी अशुद्ध ठरते. ‘येथे’, ‘यांनी’ यांचा आश्रय घेतला की व्याकरण सावरते, पण पत्राला कचेरीतील परिपत्रकाची कळा येते.

तेव्हा यादीत सामान्यरूपाचा व लिंगाचा स्वतंत्र रकाना ठेवता येतो काय आणि मसुद्यात अट घालता येते काय, हे आधी विचारावयास हवे. मेलचिंपमध्ये अशा अटी घालता येतात. २०१४ मध्ये निघालेली मॉटिक ही मुक्तस्रोत यंत्रणा त्यापुढे जाऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. ग्राहकांची माहिती घरातच राहते. मात्र पाठविणाऱ्याची पत सांभाळण्याचे ओझेही मग घरातच येते. दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे जीमेलच्या खात्यांवर धाडणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही प्रमाणे लागू झाली, आणि प्रचारपत्रांतून एका टिचकीसरशी नाव काढून घेण्याची सोयही सक्तीची झाली. लहान कंपनीत हे पाहणारा जाणता माणूस नसेल, तर मॉटिकचा मोह आवरावा हेच बरे.

पंचांगाचा प्रश्न तर कोणी मनावर घेतलेलाच दिसत नाही. वार्षिक पत्राची वेळ इंग्रजी तारखेने बांधली जाते. पोळा मात्र श्रावण अमावास्येला, आणि विदर्भातील तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. एका वर्षी नेमके पोहोचलेले शुभेच्छापत्र पुढल्या वर्षी कित्येक दिवस चुकते. येथे तारखांचा तक्ता दरवर्षी माणसानेच भरावयाचा असतो.

पत्र उघडले गेल्याची टक्केवारी दाखवून यातील दोष झाकता येतील असेही नाही. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची नवी व्यवस्था आणल्यापासून, ती स्वीकारलेल्यांची न वाचलेली पत्रेही उघडल्याप्रमाणे मोजली जातात. त्यापेक्षा किती जणांनी उलट उत्तर लिहिले आणि किती जणांनी नाव काढून घेतले, हे दोन आकडे अधिक प्रामाणिक आहेत. ‘वर्धाला’ वाचून विटलेला वाचक दुसऱ्या आकड्यात सापडण्याचा संभव आहे.