अपस्करणाचं ‘नियंत्रण’: शब्द मोठा, काम त्याहून अवघड

मंडळी, लोलकातून रंग वेगळे होतात, ते अपस्करण आपण शाळेत शिकलो. चिपमधल्या वेव्हगाइडमध्ये तेच वेगळ्या रूपात भेटतं: वेगवेगळ्या तरंगलांब्या वेगवेगळ्या गतीने धावतात आणि प्रकाशाचा स्पंद पसरत जातो.

२००६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने सिलिकॉनवर दाखवलं, की पदार्थ तोच ठेवूनही वेव्हगाइडची रुंदी-उंची नेमकी निवडली, तर एकूण अपस्करणाचं चिन्हच उलटतं. हे काम मोठंच, यात आम्हाला शंका नाही.

आमची तक्रार आहे ‘नियंत्रण’ या शब्दाशी. नियंत्रण म्हटलं की रेडिओची कळ आठवते. हवी तेव्हा फिरवावी. इथं मात्र चिप कोरली गेली, की अपस्करण जवळपास ठरूनच जातं.

आणि ते ठरवणंही सोपं नाही, बरं का. सिलिकॉन नायट्राइडचंच बघा. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी चिन्ह उलटवायला साधारण ७००-८०० नॅनोमीटर जाडीचा थर लागतो. नेहमीच्या पद्धतीने बसवलेला थर मात्र ४०० नॅनोमीटरच्या आसपासच आतल्या ताणाने तडकू लागतो. ती भेग टाळणारे कारागीर या यशाचे अर्धे मानकरी आहेत. लेखांच्या मथळ्यांत ते क्वचितच दिसतात.

म्हणून पुढे असा सुबक आलेख समोर आला, की आपण दोनच प्रश्न विचारूया: हा मोजलेला आहे की गणिताने काढलेला? आणि एका निवडक चिपचा आहे, की अख्ख्या वेफरचा?