झांजेचा एक आघात

संगीताच्या मैफलीचे परीक्षण लिहिणारे बहुधा सभागृहाच्या दारापासून सुरुवात करतात. रोडपालीच्या माणसाला ती मुभा नाही. रिक्षाने मानसरोवर स्थानक गाठायचे, हार्बर मार्गाची लोकल धरायची, वाशीची खाडी ओलांडायची आणि सव्वा तासाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचे. तेव्हा कुठे शहर सुरू होते. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पत्नी आणि मुलीसह मी हा प्रवास केला, तो आंतोनिन द्वोरझाक या चेक संगीतकाराची नववी सिम्फनी ऐकण्यासाठी. मैफल संध्याकाळी होती. आम्ही मात्र सकाळीच निघालो, कारण ऐकण्यापूर्वी मुलीला काही दाखवायचे होते.

धोबी तलावाच्या नाक्यावर जेर महाल ही जुनी इमारत आहे. गोव्यातील गावकऱ्यांनी मुंबईत आलेल्या आपल्या माणसांसाठी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिस्थाने या परिसरात होती. खलाशी, आचारी आणि वादक तेथे आपापली पेटी भिंतीशी ठेवून राहत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत असत. त्या शिदोरीवर ही माणसे शहरात उभी राहिली. हॉटेलांतील बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनीच सांभाळले. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावे पडद्यावर फारशी झळकली नाहीत. त्यांचे सूर मात्र घरोघरी पोहोचले.

तेथून जवळच १८६९ साली येशूसंघीयांनी स्थापन केलेले सेंट झेवियर्स महाविद्यालय आहे. त्याच्या चौकात १९५८ साली माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या रचना शंभराहून अधिक वादकांकडून सादर करविल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्या कार्यक्रमात गायले. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. त्यांच्यामुळेच १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव आले. माझ्या मुलीला ते गाणे पाठ होते. त्या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे तिला ठाऊक नव्हते. दोष तिचा नाही. आम्ही ते कधी सांगितलेच नव्हते.

संध्याकाळी नरिमन पॉइंटवरील एन.सी.पी.ए.च्या जमशेद भाभा नाट्यगृहात आम्ही वरच्या सज्जात बसलो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वृंद २००६ साली स्थापन झाला. त्यातील पुष्कळ वादक कझाकस्तानातून आणि इतर देशांतून येतात. ते उत्तम वाजवितात आणि त्यांचे ऋण मानले पाहिजे. तरीही, ज्या शहराला एकेकाळी आपल्या धर्मग्रामांनी वादक पुरविले, तेथे आज वादक दूरदेशाहून यावेत, हा विचार मनातून जात नव्हता.

द्वोरझाक हा एका खेड्यातील खाटकाचा मुलगा. श्रद्धावंत कॅथलिक असलेल्या या माणसाने तरुणपणी प्रागमधील एका चर्चमध्ये ऑर्गन वाजविला. १८९२ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढच्या वर्षी तेथेच त्याने ही सिम्फनी लिहिली. त्या वर्षीचा उन्हाळा त्याने आयोवातील स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी घालविला आणि तेथील चर्चमध्येही तो ऑर्गन वाजवीत असे. वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून येऊन सिडकोच्या वसाहतीत स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना हा माणूस परका वाटू नये.

सिम्फनीचा प्राण दुसऱ्या भागात आहे. पितळी वाद्यांच्या गंभीर स्वरमेळातून कोर आंग्ले या ओबोच्या कुळातील, पण अधिक खोल आवाजाच्या वाद्याची धून उगवते. भागाच्या शेवटी ती परतते तेव्हा मोजकीच तंतुवाद्ये ती उचलतात आणि मध्येच थबकतात. घरच्या आठवणीने बोलणाऱ्याचा कंठ दाटून यावा, तशी ती शांतता भासते. त्या रात्री या विरामांना वादकांनी पुरेसा अवकाश दिला, हे मी त्या मैफलीचे सर्वांत मोठे यश मानतो. चौथा भाग मला किंचित गर्दीचा वाटतो. आधीच्या सर्व धून तेथे पुन्हा भेटीला येतात, आणि निरोप घेणाऱ्याने प्रत्येक दारात थांबावे तसे होते.

मुलीचे लक्ष मात्र निराळ्याच ठिकाणी होते. “पप्पा, तो मागचा माणूस केव्हाचा नुसता बसून आहे,” ती आधीच कुजबुजली होती. तालवाद्यांपाशी बसलेल्या त्या वादकाला पहिल्या दोन भागांत काहीच काम नव्हते. तिसऱ्यात त्याने लोखंडी त्रिकोण वाजविला. चौथ्यात तो झांज घेऊन उभा राहिला, एकच हलका आघात केला आणि पुन्हा खाली बसला. संपूर्ण सिम्फनीत झांज एवढीच वाजते.

शेवटचा स्वरमेळही जोराने तुटत नाही. सुषिर वाद्ये तो धरून ठेवतात आणि तो हळूहळू विरत जातो. तो विरण्यापूर्वीच टाळ्या कोसळल्या. श्रोत्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कारण त्याच क्षणी मी पनवेल लोकलच्या चिंतेने घड्याळ पाहत होतो. जो सूर ऐकण्यासाठी सकाळी घर सोडले, तोच माझ्या हातून निसटला.

परतीच्या गाडीत मुलीने विचारले, “एकदाच वाजवायला तो एवढा वेळ मोजत बसला?” मी होय म्हणालो. ती आमच्या गायनवृंदात कीबोर्ड वाजविते. म्हणजे बटण दाबून तयार ताल सुरू करते. गेल्या ख्रिस्तजयंतीला आम्ही ध्वनिमुद्रित साथीवर गायलो. सारे नीटनेटके झाले. धर्मग्रामातील एक वृद्ध व्हायोलिनवादक त्या रात्री बाकावर बसून होते. त्यांना कोणी बोलाविलेच नाही, कारण यंत्राबरोबर कोणासाठी थांबावे लागत नाही. मिस्सामध्ये आपण एकत्र गातो, ते सुबक ऐकू यावे एवढ्याचसाठी का? दुसऱ्याचा श्वास ऐकून आपला स्वर लावणे, आपली वेळ येईपर्यंत मौन पाळणे, हीदेखील उपासनाच आहे. यंत्राच्या साथीने ती शिकता येत नाही.

रोडपालीला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. येत्या रविवारी त्या वृद्ध गृहस्थांना भेटायचे मी ठरविले आहे. आठवड्यातून एक तास ते आमच्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवतील का, एवढेच विचारायचे आहे. पहिली विद्यार्थिनी घरातच तयार आहे. दुसऱ्या बाकावर मीही बसेन म्हणतो.