नकाराचा अर्थ आणि ‘अडथळा’ हा शब्द

इंग्लंडच्या आरोग्यखात्याने २००८ साली आरंभिलेल्या ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’ या प्रयोगाची चर्चा बहुधा आकड्यांच्या आधारे होते. कॉर्नवॉल, केंट व न्यूहॅम येथील जुनाट आजाराच्या रुग्णांच्या घरी मापनाची साधने बसवून त्यांच्या नोंदी दूरवरच्या परिचारिकांकडे पाठविण्याची ही योजना होती. ३,२३० रुग्णांच्या पाहणीत साधने मिळालेल्यांपैकी वर्षभरात ४.६ टक्के दगावले, इतरांपैकी ८.३ टक्के, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवनाच्या गुणवत्तेत मात्र फरक आढळला नाही, असे २०१३ च्या निबंधाने दाखविले.

या आकड्यांहून कॅरोलाइन सँडर्स व सहकाऱ्यांचा २०१२ चा निबंध भाषाभ्यासकास अधिक मोलाचा वाटावा. सहभाग नाकारणाऱ्या वा मध्येच बाहेर पडलेल्या २२ जणांना त्यांनी बोलते केले. (प्रयोग केवळ घराला खिळलेल्यांपुरता नव्हता, हे विसरता कामा नये.) नकाराची कारणे तीन सांगितली आहेत: यंत्र हाताळण्याची धास्ती, स्वत्वाला व स्वावलंबनाला पोचणारी बाधा आणि चालू सेवेची घडी विस्कटण्याचे भय. परंतु या तिन्हींना निबंधाच्या शीर्षकातच ‘अडथळे’ हे नाव मिळाले आहे. अडथळा वाटेत असतो, म्हणजे वाट व मुक्काम दोन्ही आधीच ठरलेले! पहिल्या कारणास हा शब्द शोभतो. शिकवणीने ते दूर होईल. दुसऱ्यास तो मुळीच शोभत नाही. ‘मी अजून स्वतःची काळजी घेऊ शकतो’ अशा आशयाचे म्हणणे हा अडथळा नव्हे, ते उत्तर आहे. ऐकण्याचे श्रेय लेखकांना द्यावयास हवे. जे ऐकले त्यास नाव देताना मात्र त्यांनी योजकांचीच परिभाषा उसनी घेतली.

मराठीत अशी प्रश्नावली सिद्ध करू पाहणाऱ्यास ही अडचण अधिकच जाणवेल. घरातील यंत्र जे करते त्यास ‘देखरेख’ म्हणावे, ‘पाळत’ म्हणावे की ‘विचारपूस’? देखरेखीत अधिकार आहे, पाळतीत संशय आहे. विचारपूस तर माणसानेच करावयाची. ती यंत्राच्या माथी मारली, तर अंथरुणावरील आजी प्रश्न विचारणाऱ्याकडेच टक लावून पाहील. यांपैकी जो शब्द निवडावा, तसे उत्तर येईल, आणि तक्त्यात ते रुग्णाचे मत म्हणून नोंदले जाईल.