चाकांवरचे बिऱ्हाड

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत. ज्याने भाड्याच्या खोल्यांतून आयुष्य काढले आहे त्याला त्यांतला फरक कोशात पाहावा लागत नाही. घर असते, बिऱ्हाड करावे लागते, मोडावे लागते, उचलून न्यावे लागते. जेसिका ब्रूडर या अमेरिकन पत्रकार बाईंचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) वाचताना हा दुसरा शब्द मला सारखा आठवत होता.

या पुस्तकातली माणसे ‘आर. व्ही.’त राहतात. म्हणजे आत ओटा, बिछाना आणि संडास असलेली मोटार, किंवा मोटारीमागे जोडून ओढायची तसलीच गाडी. ज्यांना तेवढेही परवडत नाही ते जुन्या व्हॅनमध्ये पथारी टाकतात. मुळात ही सुटीची, हौसेची वाहने. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर अनेक उतारवयीन माणसांनी ती कायमची राहायला घेतली. ब्रूडरबाईंनी तीन वर्षे त्यांचा माग काढला, स्वतः व्हॅन घेऊन त्यांच्यात राहिल्या, नॉर्थ डकोटात बीटच्या हंगामात आणि टेक्सासात ॲमेझॉनच्या गोदामात काही काळ राबल्यासुद्धा.

पुस्तकाची नायिका लिंडा मे. वय चौसष्ट, सरकारी निवृत्तिवेतन महिना पाचशेच्या आसपास डॉलर, गाडी दहा फुटांची. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सहलीच्या तळाची राखण करायची आणि तिथले संडास धुवायचे. नाताळाआधीच्या गर्दीत गोदामात माल मोजायचा. थंडीत ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटजवळच्या वाळवंटात मुक्काम. पुस्तकाचे बळ या हिशेबात आहे. किती तास, किती मजुरी, रात्री गाडी कुठे उभी केली, पोलिसाने काच केव्हा ठोठावली, हे सारे बाई नोंदवतात. गोदामाच्या भिंतीवरच्या यंत्रातून कामगारांना वेदनाशामक गोळ्या फुकट मिळतात, ही एक नोंद दहा पाने टीका करण्यापेक्षा भारी आहे.

याच पुस्तकावरून क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर मिळाली. लिंडा मे आणि आणखी काहीजण त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. मात्र मध्यवर्ती फर्न (फ्रान्सिस मॅकडॉरमंड) ही काल्पनिक. तिला पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी दिल्या आहेत: आश्रय देऊ पाहणारी बहीण, आणि मुलाच्या घरी नातवात रमलेला, तिलाही तिथेच राहा म्हणणारा मित्र डेव्ह. फर्न दोन्ही दारे मागे टाकून निघून जाते. इथेच माझा या चित्रपटाशी मतभेद सुरू होतो. पुस्तक विचारते, या बाईवर ही वेळ का आली? चित्रपट विचारतो, ही बाई का थांबत नाही? पहिला प्रश्न समाजाला आहे, दुसरा स्वभावाला. एकदा गोष्ट स्वभावावर गेली, की सूर्यास्त, माळरान आणि लुडोविको आयनाउदीचा पियानो यांना रान मोकळे मिळते. गोळ्यांचे यंत्र काही पडद्यावर येत नाही.

तरी न्याय केला पाहिजे. चित्रपटाने देहधर्म लपवलेले नाहीत. गाडीत राहणाऱ्याने बादली केवढी घ्यावी याची चर्चा त्यात आहे, आणि वडिलांनी दिलेल्या बशा फुटल्यावर फर्न त्या एकेक तुकडा जोडून चिकटवत बसते ते दृश्य मी विसरणार नाही. संसार म्हणतात तो एवढाच.

माझी खरी तक्रार मात्र पुस्तक आणि चित्रपट दोघांविषयीही आहे. यात मुले कुठे आहेत? चित्रपटात फर्नने पूर्वी शिकवलेली एक मुलगी दुकानात भेटते, पाठ केलेला शेक्सपिअर म्हणून दाखवते आणि तुम्ही बेघर झालात का, असे सरळ विचारते. पण ती मुलगी पक्क्या घरात राहणारी. अमेरिकेत मुलाबाळांसह बारा महिने आर. व्ही.त राहणारी कुटुंबेही आहेत, काही हौसेने, काही नाइलाजाने. त्यांचा दिवस टाक्यांवर चालतो: एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. भरलेली टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, आणि सगळ्यांच्या आंघोळी टाकीतल्या पाण्यात बसवायच्या. बहुतेक सरकारी मोकळ्या जमिनींवर चौदा दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो. एकाच टेबलावर सकाळी न्याहारी, मग गणित. रात्री तेच टेबल खाली दाबले की मुलांचा बिछाना. घरी शिकवणे तिथल्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्याराज्याला निराळे. त्या टेबलावर अक्षर गिरवणाऱ्या पोराला काय वाटते, हे ही वृद्धांची कथा सांगू शकत नाही.

जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देशभर हिंडला. त्या प्रवासाच्या पुस्तकात (१९६२) चाकांवरच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाकडे तो जेवतो आणि मुळांविषयी विचारतो. उत्तर देतो तो कर्ता पुरुष. आपला बाप इटलीतले पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडून आला, मग मुळे कोणाची, असा त्याचा रोख. उत्तर चोख आहे, पण तेही मोठ्या माणसाचेच.

आपल्याकडे हे काम लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) केले. कैकाड्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, आणि जातीचा विरोध पत्करून बापाने शाळेत घातलेला मुलगा. तुलना ताणू नये. जिच्याजवळ मोटार आहे ती लिंडा मे आणि हे कुटुंब यांच्या दारिद्र्यात कोसांचे अंतर आहे. जातीचा शिक्काही वेगळाच. पण ‘उपरा’त बिऱ्हाडातले मूल मोठे होऊन स्वतः बोलते. ब्रूडरबाई कितीही प्रामाणिक असल्या, तरी हंगाम संपल्यावर त्या आपल्या घरी जातात.

बीटच्या ढिगाऱ्यांपाशी बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचे वर्णन मी वाचले तेव्हा आमच्या बेळगाव भागातही गाळपाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. साखर तीच, फक्त पीक वेगळे. बीडकडच्या एका ऊसतोड टोळीतला मुलगा शाळेच्या कुंपणाशी रोज येऊन उभा राहायचा. गाव कोणते म्हणून विचारले तर त्याने मुकादमाचे नाव सांगितले. मी त्याला आठवीच्या वर्गात बसवला. महिन्याभराने मराठीच्या बाईंनी ‘माझे घर’ हा निबंध दिला. त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी लिहिले: पत्रे कुठे, शेळी कुठे, कोंबड्यांची डालगी कुठे, आणि झोप लागलेल्या धाकटीला कशाच्या मध्ये ठेवतात म्हणजे ती खड्ड्यात उसळत नाही. पाऊण पान होते. वही तपासायला माझ्याकडे आली होती. मी दहापैकी आठ दिले, शुद्धलेखनाचे दोन कापले. फाल्गुनात टोळी हलली तेव्हा वही तो घेऊन गेला.