‘अनैसर्गिक’ : सैनिकी कायद्यातील एका शब्दाची चिकित्सा

सामान्य कायदा प्रदेशाला बांधलेला असतो. सैनिकी कायदा माणसाबरोबर चालतो. कर्जत वा खालापूर तालुक्यातील तरुण भूसेनेत भरती झाला आणि रजेवर उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठी आपल्या गावी आला, तरी सेना अधिनियम, १९५० च्या कलम २ अन्वये तो जेथे असेल तेथे त्या अधिनियमाच्याच अधीन राहतो.

हा तरुण समलिंगी असल्यास या नियमाचे गांभीर्य ध्यानात येते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंह जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते, दंडसंहितेचे कलम ३७७ घटनाबाह्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. परंतु सेना अधिनियमाचे कलम ४६ (अ) क्रूर, अश्लील वा अनैसर्गिक स्वरूपाच्या लांछनास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावास सांगते. शेजाऱ्यास लाभलेली निर्भयता या सैनिकास त्याच गावात लाभत नाही.

या कलमात समलिंगी संबंधांचा नामनिर्देश नाही, आणि ‘अनैसर्गिक’ या शब्दाची व्याख्याही नाही. शब्दामागील कल्पना १८६० च्या दंडसंहितेतील निसर्गक्रमाची होय. संमतीच्या संबंधांपुरती ती कल्पना न्यायालयाने त्याज्य ठरविल्यावर शब्दाचा आधारच नाहीसा होतो. तथापि जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन सेनाप्रमुख बिपिन रावत यांनी, सेनेत अशा संबंधांना स्थान नाही, असे स्पष्ट केले.

याच्या समर्थनार्थ संविधानाचा अनुच्छेद ३३ पुढे केला जातो. सैनिकांचे मूलभूत अधिकार मर्यादित करण्याची मुभा तो संसदेस देतो. आणि सेना अधिनियमाच्या तरतुदींना त्याचे संरक्षण आहे, असा निर्णय रामसरूप खटल्यात १९६३ मध्ये झाला. हा आक्षेप दुर्बळ नव्हे. परंतु मर्यादा घालण्याची मुभा असणे आणि ती मर्यादा आवश्यक असणे, या भिन्न गोष्टी होत. अनुच्छेदानेच कर्तव्यपालन व शिस्त हे प्रयोजन सांगितले आहे. हुद्द्याचा दुरुपयोग, बळजबरी, कर्तव्यावरील गैरवर्तन यांनी शिस्त भंगते. तेथे संबंध कोणाचा, हा प्रश्न गौण ठरतो.

ज्या ब्रिटिश राजवटीकडून ही परिभाषा आली, त्या ब्रिटननेही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या १९९९ च्या निर्णयानंतर जानेवारी २००० मध्ये आपल्या सैन्यातील बंदी उठविली. भारतात हा शब्द संसदेनेच तपासावयास हवा. तोपर्यंत रजेवरील सैनिकाचे घरही छावणीच राहील.